युरोपात रात्रीच्या गाडीनं: बर्थ, पास, व्हिसा आणि खर्चाचा खरा हिशोब

युरोपची सहल स्वतः आखायला बसलं की कुणीतरी हमखास सांगतं, "रात्रीची गाडी पकडा, हॉटेलचं भाडं वाचेल." सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. गाडी चुकीची निवडली तर वाचलेलं भाडं दुसऱ्या दिवशी टॅक्सीत आणि कॉफीत जातं, आणि दुपार बाकावर पेंगण्यात जाते ती वेगळीच. नीट निवडली तर मात्र अख्खा एक दिवस हाती लागतो. दहा-बारा दिवसांची रजा घेऊन, इतका खर्च करून गेलेल्या माणसाला तो दिवस हॉटेलच्या भाड्यापेक्षा मोलाचा असतो. माझं मत आधीच सांगून टाकते: रात्रीची गाडी घ्यायची ती दिवस वाचवायला, आणि घ्यायची तर आडवं होऊन झोपता येईल अशीच.

आधी कागदावर बेरीज करा

नुसतं तिकीट बघून काहीच ठरत नाही. व्हिएन्ना ते व्हेनिस हा प्रवास घेऊ. एक युरो म्हणजे ढोबळमानानं शंभर रुपये धरा. समजा, दोघांसाठी रात्रीच्या गाडीत सहा बर्थच्या कंपार्टमेंटमधले दोन बर्थ प्रत्येकी ८० युरोंना मिळाले: १६० युरो. तोच प्रवास दिवसाच्या गाडीनं केला आणि तिकीट लवकर काढलं, तर समजा प्रत्येकी ३५ युरो आणि व्हिएन्नातल्या आणखी एका रात्रीचे १०० युरो: १७०. फरक दहा युरोंचा. त्यातले सात-आठ युरो निघायच्या दिवशी सामान लॉकरमध्ये ठेवायला जातील. म्हणजे पैशांत बरोबरीच. पण दिवसाची गाडी सात-आठ तास खाते, आणि रात्रीच्या गाडीत तेवढा वेळ तुम्ही झोपेत असता. फायदा होतो तो इथं.

बर्थ ८० ऐवजी १३० युरोंना मिळत असेल तर हे गणित उलटतं. मग सरळ दिवसाची गाडी घ्या. व्हिएन्नाहून इटलीकडे जाताना सेमेरिंगचा घाट उजेडात पाहायला मिळतो, ते काही नुकसान नाही. १८५४ साली सुरू झालेला हा डोंगरातला रेल्वेमार्ग जागतिक वारसा यादीत आहे आणि तो बघायला वेगळं तिकीट लागत नाही.

विमानाशी तुलना करतानाही सगळी बेरीज करा. स्वस्त विमानाच्या ३० युरोंच्या तिकिटात चेक-इन बॅग नसते, विमानतळ शहराबाहेर असतो, आणि रात्रीचं हॉटेल द्यावंच लागतं. रात्रीची बस बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त पडते, पण तिच्यात बसूनच झोपावं लागतं. पंचविशीतल्या विद्यार्थ्यांना ते चालतं. आई-बाबांना घेऊन जाताना तो विचारही करू नका.

कोणत्या गाड्या आहेत

सगळ्यांत मोठं जाळं ऑस्ट्रियाच्या ओबीबी ह्या सरकारी रेल्वेच्या 'नाईटजेट'चं. जर्मन रेल्वेनं २०१६ च्या अखेरीस स्वतःच्या झोपायच्या गाड्या बंद केल्या, तेव्हा त्यातले बरेच मार्ग ऑस्ट्रियानं उचलले. आपल्या लोकांच्या सहलीत बसणारे मार्ग म्हणजे व्हिएन्ना–व्हेनिस, व्हिएन्ना–रोम, म्युनिक–रोम, झ्युरिक–व्हिएन्ना, झ्युरिक–बर्लिन, ॲमस्टरडॅम–व्हिएन्ना आणि हॅम्बुर्ग–व्हिएन्ना.

फ्रान्सच्या देशांतर्गत रात्रीच्या गाड्या पॅरिसहून नीस, तुलूझ आणि आल्प्सकडच्या ब्रियाँसाँला जातात. ह्या गाड्यांत खोलीसारखे डबे नाहीत, बर्थ किंवा मागे झुकणारी खुर्ची एवढंच. पण लवकर काढलं तर बर्थ ३० युरोंच्या आसपासही मिळतो, आणि नीससारख्या महागड्या गावाला जायचं तर हा दर फारच चांगला. चेक प्रजासत्ताकातली रेजिओजेट ही खासगी कंपनी प्राग ते स्लोव्हाकियातलं कोशित्से अशी स्वस्त रात्रीची गाडी चालवते. ब्रसेल्स–बर्लिन मार्गावर युरोपियन स्लीपर ही नवी कंपनी मे २०२३ मध्ये उतरली आणि पुढच्या वर्षी तिची गाडी प्रागपर्यंत गेली.

इटलीत 'इंटरसिटी नोत्ते' नावाच्या गाड्या मिलान आणि रोमहून सिसिलीला जातात. ह्यांच्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं. मुख्य भूमी आणि सिसिली यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावर पूल नाही. व्हिला सान जोव्हानी ह्या बंदरात गाडीचे डबे सुटे करून रूळ बसवलेल्या मोठ्या बोटीच्या पोटात ढकलतात. पलीकडे मेसिनाला ते पुन्हा बाहेर काढून जोडतात. प्रवासी डब्यातच झोपून राहू शकतात, किंवा जिन्यानं वर डेकवर जाऊन सिसिलीचा किनारा जवळ येताना बघू शकतात. गाडी तशी हळू आहे, ह्या खटाटोपात वेळही बराच जातो, पण इतक्या कमी पैशांत असा अनुभव युरोपात दुसरा नाही. सिसिलीला जाणार असाल तर एकदा तरी असंच जा.

एक लक्षात ठेवा: युरोपातल्या सगळ्या रेल्वेंचं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला बदलतं आणि रात्रीच्या गाड्यांचे मार्ग त्या वेळी सुरूही होतात, बंदही पडतात. दोन वर्षांपूर्वीच्या ब्लॉगवर किंवा व्हिडिओवर विसंबून बेत आखू नका. डीबी नॅव्हिगेटर ह्या जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये बहुतेक युरोपातल्या गाड्यांच्या वेळा दिसतात. तिथे आपली तारीख टाकून पाहा, मग पुढचं.

खुर्ची, बर्थ की खोली

तिकीट काढताना तीन पर्याय दिसतात.

पहिला बैठकीचा. कंपार्टमेंटमध्ये समोरासमोर सहा जागा. रात्री दोन वाजता कुणीतरी चढतं, दार उघडतं, दिवा लागतो. हा पर्याय मी कुणालाच सुचवत नाही. प्रवास पाच-सहा तासांचा आणि वय विशीचं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा बर्थचा, ज्याला तिथं 'कुशेट' किंवा जर्मन भाषेत 'लीगेवागन' म्हणतात. आपल्या थ्री टियरसारखे एका बाजूला तीन, समोर तीन असे सहा बर्थ. काही कंपार्टमेंटमध्ये चारच असतात, त्यांचं भाडं जास्त. मोठा फरक असा की प्रत्येक कंपार्टमेंटला दार असतं आणि ते आतून बंद होतं. साईड बर्थ नाही, रात्रभर पॅसेजमधून येणारे-जाणारे पायाला धक्का देत नाहीत. नाईटजेटच्या ह्या डब्यात उशी, चादर, पांघरूण आणि पाण्याची बाटली मिळते, सकाळी साधा नाश्ता मिळतो. कमी खर्चाच्या प्रवासाला हाच पर्याय योग्य.

तिसरा स्लीपरचा. आपल्याकडे स्लीपर म्हणजे सगळ्यांत साधा झोपायचा डबा, तिकडे सगळ्यांत महागडा. एक, दोन किंवा तीन जणांची खोली, आत वॉशबेसिन, काही खोल्यांत शॉवरसुद्धा. दोघांचं मिळून भाडं बऱ्याचदा चांगल्या हॉटेलच्या खोलीएवढं होतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या, रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी मात्र हा खर्च करावा. कुशेटची शिडी उभी आणि अरुंद असते. मधल्या बर्थवर ताठ बसता येत नाही. आई-वडिलांना घेऊन कुशेटनंच जायचं असेल तर आरक्षण करतानाच खालचे बर्थ निवडा, कारण "जरा ॲडजस्ट करता का" हे तिथं गृहीत धरता येत नाही.

हॅम्बुर्गहून निघणाऱ्या नव्या नाईटजेटमध्ये डिसेंबर २०२३ पासून एकट्या माणसासाठी 'मिनी केबिन' आल्या आहेत. एका माणसाएवढा बंदिस्त कप्पा, त्याला सरकतं दार, सामानाला छोटा लॉकर. एकट्यानं फिरणाऱ्याला कुशेटपेक्षा जास्त एकांत मिळतो. पण धिप्पाड माणसाला किंवा बंद जागेची भीती वाटणाऱ्याला ही सोय नको.

कुशेटमध्ये स्त्री-पुरुष एकत्रच असतात. एकट्या बाईला किंवा मैत्रिणींना हवं असेल तर नाईटजेटवर आणि फ्रान्सच्या गाड्यांत फक्त महिलांसाठीचं कंपार्टमेंट निवडता येतं. जादा पैसे लागत नाहीत, फक्त आरक्षण करताना तो पर्याय आठवणीनं निवडावा लागतो. मोठं कुटुंब असेल तर अख्खं कंपार्टमेंट घेण्याचा पर्यायही बघा. चार-पाच जणांत भाडं विभागलं की माणशी दर बऱ्याचदा परवडतो, आणि मुलांनी रात्री कितीही चुळबुळ केली तरी परक्यांची झोपमोड होत नाही.

व्हिसाच्या कागदात ती रात्र दाखवायची कशी

ह्या एका प्रश्नावर पुष्कळ लोक अडतात. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या सामाईक व्हिसाच्या, अर्जासोबत रोजच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो, आणि रात्र गाडीत असेल तर त्या तारखेचं हॉटेल नसतं. तारखांमध्ये भोक दिसलं की शंका येते. म्हणून प्रवासाच्या तक्त्यात त्या तारखेसमोर स्वच्छ लिहा: रात्रीची रेल्वे, कुठून कुठे, गाडी क्रमांक, सुटण्याची आणि पोचण्याची वेळ. आरक्षण झालं असेल तर त्याची प्रत जोडा.

पण अडचण अशी की सगळ्यांत स्वस्त तिकीट परत होत नाही, आणि व्हिसा मिळेपर्यंत थांबलं तर ते तिकीट महागतं. दोन मार्ग आहेत. प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, तेव्हा अर्ज जितका लवकर करता येईल तितका करा आणि शिक्का पडला की त्याच दिवशी तिकीट काढा. नाहीतर थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारं तिकीट घ्या. परत न होणारं तिकीट काढून व्हिसाची वाट बघत बसू नका. प्रौढ माणसाला ९० युरोंची व्हिसा फी जाते ती जातेच, त्यात ह्याची भर नको.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे मुक्काम कुठे सगळ्यांत जास्त ह्यावर ठरतं. रात्रीच्या गाड्या घेतल्या की एखाद्या देशातली एक रात्र कमी होते आणि बरोबरी किंवा उलटापालट होऊ शकते. तक्ता बनवून झाल्यावर हे पुन्हा मोजा. आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर मार्ग शेंगेनच्या बाहेर जात नाही ना हे तपासा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. सर्बिया, बोस्निया आणि माँटेनेग्रो बाहेर आहेत. तिकडे पाऊल पडलं की परतीचं दार बंद.

तिकीट: तत्काळ नाही, वेटिंग नाही

युरोपातल्या रात्रीच्या गाडीला वेटिंग लिस्ट नसते, आरएसी नसतं, शेवटच्या दिवशीचा कोटा नसतो. जागा आहे तोवर तिकीट विकतात, संपली की संपली. भाडंही विमानासारखं मागणीप्रमाणे चढतं. म्हणून आपली सवय थोडी बदलावी लागते: रात्रीच्या गाडीची तारीख आधी पक्की करा, तिचं तिकीट काढा आणि हॉटेलं तिच्या आजूबाजूला बसवा.

नाईटजेटची विक्री साधारण सहा महिने आधी उघडते, पण रुळांची कामं चालू असतील तर काही तारखा बऱ्याच उशिरा खुल्या होतात. आज तारीख दिसली नाही म्हणजे गाडी बंद आहे असं नाही. दर आठवड्याला एकदा बघत राहा. शुक्रवार, रविवार, नाताळ, ईस्टर आणि जुलै-ऑगस्ट टाळता आले तर मंगळवार-बुधवारचा दर बऱ्याचदा बराच कमी दिसतो.

तिकीट ज्या रेल्वेची गाडी तिच्याच संकेतस्थळावर किंवा ॲपवर काढा. मधल्या विक्रेत्याकडून घेतलं तर वर शुल्क लागतं आणि गाडी रद्द झाल्यावर कुणाशी बोलायचं हा घोळ होतो. भारतात असतानाच सगळी तिकिटं काढलेली बरी. तुमच्या कार्डाचा ओटीपी इथल्या सिमवर येतो आणि परदेशात रोमिंग नसेल तर पैसे भरताना तिथेच अडकता. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि त्यावर बँक किती टक्के घेते ते विचारा. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप असतो, चार जणांच्या तिकिटांवर तो हजारांत जातो.

मध्यरात्रीच्या आसपासच्या गाडीची तारीख दोनदा वाचा. १४ तारखेच्या रात्री जेवून स्टेशनवर गेलात आणि गाडी ००:१० ची असेल तर तिकीट १५ तारखेचं हवं.

पास घ्यावा का

युरेल पास ३३ देशांत चालतो आणि तो युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. इथं पासपोर्टपेक्षा राहण्याचा पत्ता महत्त्वाचा. जर्मनीत शिकणारी किंवा नोकरी करणारी आपली मुलगी तिथली रहिवासी, म्हणून तिनं इंटररेल घ्यायचा, आणि तिला भेटायला पुण्याहून आलेल्या आई-बाबांनी युरेल. गाड्या त्याच, पण इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात प्रवासावर मर्यादा असते.

पास घेतला म्हणजे रात्रीची गाडी फुकट झाली असं समजू नका. पासमध्ये प्रवासाचं भाडं येतं, बर्थचं आरक्षण वेगळं आणि ते चांगलंच लागतं. शिवाय पासवाल्यांसाठीच्या जागा मोजक्या असतात. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या वेगवान गाड्यांनाही पासवर सक्तीचं आरक्षण लागतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या बहुतेक दिवसाच्या गाड्यांत मात्र पास दाखवून थेट बसता येतं.

रात्रीच्या प्रवासाला पासचा एक नियम फार उपयोगी आहे. गाडी मध्यरात्रीपूर्वी सुटली तर पासमधला एकच दिवस, म्हणजे सुटण्याचा दिवस, खर्च होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कितीही वाजता पोचो. पण उतरून पुढे दुसरी गाडी पकडलीत की तो नवा दिवस धरला जातो. म्हणून रात्रीच्या गाडीनं जिथे पोचायचं तिथेच मुक्काम ठेवा. १२ ते २७ वयाच्यांना आणि साठीपुढच्यांना पासवर सवलत आहे, आणि एका मोठ्या माणसाबरोबर १२ वर्षांखालची दोन मुलं फुकट येतात. अशा कुटुंबाला पास बहुधा परवडतो. दोघंच असाल, तीन-चारच प्रवास असतील आणि तारखा पक्क्या असतील तर सुटी तिकिटं लवकर काढणं स्वस्त पडतं.

सामान आणि डबा

रेल्वेत बॅगेचं वजन कुणी करत नाही, पण ती उचलायची तुम्हालाच आहे. हमाल नाही, डब्याच्या पायऱ्या उंच, पॅसेज अरुंद. कुशेटमध्ये मोठी बॅग खालच्या बर्थखाली किंवा दाराच्या वरच्या कोनाड्यात जाते, आणि सहा जणांच्या सहा मोठ्या बॅगा तिथे मावत नाहीत. विमानात केबिनमध्ये नेतो तेवढी एकच बॅग माणशी असेल तर रात्र सुखाची जाते. रात्री लागणाऱ्या वस्तू वेगळ्या पिशवीत काढून ठेवा: टूथब्रश, औषधं, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी, पायमोजे, पॉवर बँक. जुन्या डब्यांत प्रत्येक बर्थला सॉकेट नसतो.

खाण्याचं आधी बघा. बहुतेक रात्रीच्या गाड्यांत जेवणाचा डबा नसतो. अटेंडंटकडे थोडंफार मिळतं, ते महाग आणि शाकाहारी माणसाला त्यात फारसं काही नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट गाठा, ते सहसा उघडं असतं. पाव, टोमॅटो, दही, फळं आणि घरून आणलेली कोरडी शेंगदाण्याची चटणी ह्यात दोघांचं जेवण दहा युरोंत उत्तम होतं.

घरून काय न्यायचं ह्याला कायदा आहे. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. पेढे, खवा घातलेली मिठाई, चक्का, तूप हे सगळं त्यात आलं. सापडलं तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो. ताजी फळं-भाज्याही बहुतेक चालत नाहीत. बिनतुपाचे मेथीचे ठेपले, चिवडा, भाकरवडी, मेतकूट, कोरड्या चटण्या खुशाल न्या. फक्त डब्यात लसणाची चटणी उघडताना बंद दाराआड आणखी चार जण झोपायचे आहेत हे ध्यानात ठेवा. जेवण शक्यतो फलाटावरच उरकावं.

फलाटावर: डबा ओळखा

इथं थोडं सावध राहायला हवं, कारण एकच गाडी दोन शहरांची असू शकते. हॅम्बुर्गहून एकत्र निघालेल्या डब्यांपैकी काही व्हिएन्नाला जातात, काही इन्सब्रुकला. रात्री तुम्ही झोपेत असताना गाडी तोडतात आणि दुसऱ्या डब्यांना जोडतात. चुकीच्या डब्यात झोपलात तर सकाळी दुसऱ्याच शहरात जाग येते. तिकिटावर डब्याचा क्रमांक असतो. तोच क्रमांक आणि शेवटचं स्टेशन डब्याच्या दाराजवळच्या पाटीवर असतं. दोन्ही जुळले की मगच चढा.

फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात, आणि कोणता डबा कोणत्या अक्षरासमोर येणार हे फलकावर दाखवतात. गाडी लांबलचक असते आणि मधल्या स्टेशनांवर फार थांबत नाही, म्हणून आधीच आपल्या अक्षराखाली उभे राहा.

स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. रोमला तेर्मिनी आणि तिबुर्तिना, म्युनिकला मुख्य स्टेशन आणि पूर्वेचं ओस्ट, व्हेनिसला मुख्य भूमीवरचं मेस्त्रे आणि बेटावरचं सान्ता लुचिया. नुसतं शहराचं नाव बघून हॉटेल घेतलं तर सकाळी सामानासकट पुन्हा लोकल शोधावी लागते. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

रात्र

गाडी सुटली की अटेंडंट येतो, तिकीट बघतो आणि बहुधा आपल्याकडे नोंद करून ठेवतो. तोच सकाळी तुमच्या स्टेशनआधी उठवतो, त्यामुळे गजर लावून इतरांना उठवण्याची गरज नाही. स्लीपरमध्ये नाश्त्याचं कार्ड देतात, त्यावर हव्या त्या गोष्टींवर खूण करायची. शाकाहारी असाल तर हॅम आणि सॉसेज सोडून चीज, जॅम, दही, फळ अशा खुणा करा. कुशेटमध्ये दोन छोटे पाव, लोणी, जॅम आणि चहा किंवा कॉफी येते, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

बर्थ दिवसा पाठीला टेकून मिटलेले असतात आणि झोपायच्या वेळी उघडतात. खालच्यांनी बसून गप्पा मारत राहायचं आणि वरच्यांनी ताटकळायचं, हे तिथं चालत नाही. साडेनऊ-दहाला सगळे आडवे होतात आणि मोठा दिवा मालवला जातो. त्यानंतर प्रत्येकाच्या उशाशी छोटा दिवा असतो. फोनवर स्पीकरवर बोलणं अजिबात नको. घरच्यांना निरोप द्यायचा तर पॅसेजमध्ये उभं राहून द्या.

शेवटचा माणूस आत आला की दाराचं कुलूप आणि वरची कडी दोन्ही लावा. बाहेरून किल्ली असलेला अटेंडंटही कडी असताना दार पुरतं उघडू शकत नाही. पासपोर्ट, पैसे, फोन एका छोट्या पिशवीत घालून उशीच्या आत किंवा भिंतीकडच्या बाजूला ठेवा. दाराजवळच्या खुंटीवर जॅकेटच्या खिशात काही ठेवू नका. पासपोर्ट चटकन हाताला लागेल असा असावा, कारण शेंगेनच्या आतसुद्धा सीमेवर पोलीस गाडीत चढून कागद बघू शकतात. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. दारावर टकटक झाली तर घाबरायचं कारण नाही. पासपोर्ट द्यायचा, व्हिसाचं पान उघडून दाखवायचं, आणि पुन्हा झोपायचं.

स्वच्छतागृह डब्याच्या टोकाला असतं. नळाचं पाणी पिऊ नका. पोचण्याआधी अर्धा तास तिथे रांग लागते, म्हणून त्याच्याही आधी उठून तोंड धुवून घ्या. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला ५० सेंट ते १ युरो पडतो आणि सुटी नाणी हवी असतात.

पोचल्यावर

हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. सकाळी आठला तिथे जाऊन सामान ठेवून घ्या म्हटलं तर बहुतेक हॉटेलं फुकट ठेवतात. आरक्षणाच्या वेळीच तसं लिहून कळवा. हॉटेल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर टॅक्सी आणि लॉकर दोन्ही वाचतात.

व्हेनिस ह्या बाबतीत सगळ्यांत छान. सान्ता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की समोरच ग्रँड कॅनाल. साडेआठ-नऊला पोचलात तर दिवसभरासाठी येणाऱ्या गर्दीच्या आधी दोन तास मिळतात. सार्वजनिक बोटीचं एका वेळचं तिकीट साडेनऊ युरो आहे, तेव्हा सामान ठेवून सान मार्कोपर्यंत चालतच जा. वाटेतल्या गल्ल्या हेच तर व्हेनिस. फक्त हे लक्षात घ्या: २०२४ पासून वसंत आणि उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करणाऱ्या पाहुण्यांना शहरात यायला शुल्क आहे. सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी पुढे निघणार असाल तर तुम्ही त्यात मोडता. मुक्काम करणाऱ्यांना माफी आहे, पण नोंदणी करावी लागते.

सलग दोन रात्री गाडीत काढू नका. आणि रात्रीच्या गाडीच्या दुसऱ्या दिवशी संग्रहालयाचं वेळ ठरलेलं तिकीट सकाळी दहाचं घेऊ नका, दुपारचं घ्या.

उशीर झाला तर

रात्रीच्या गाड्यांना उशीर होतो, हे धरूनच चालायचं. तासाभराचा उशीर ही बातमी नाही, तीन तासही होतो. म्हणून मायदेशी परतीच्या विमानाच्या सकाळी पोचणारी रात्रीची गाडी कधीच ठेवू नका, मध्ये एक मुक्काम ठेवा. पुढची गाडी वेगळ्या तिकिटावर असेल तर ती चुकल्याची जबाबदारी रेल्वे घेत नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटात मिळत असतील तर तसंच घ्या.

युरोपीय संघाचा प्रवासी हक्कांचा नियम तुमच्या बाजूचा आहे, तो भारतीय प्रवाशालाही लागू होतो. तुमच्या उतरायच्या स्टेशनला ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटं किंवा जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. वादळ-पुरासारख्या अपवादात्मक कारणांत भरपाई नाही. तासाभराहून जास्त उशीर होणार असं सुटण्यापूर्वीच दिसत असेल तर पैसे परत घेऊन प्रवास सोडता येतो किंवा दुसऱ्या मार्गानं जाता येतं. बर्थचं तिकीट असताना डबा लागलाच नाही आणि खुर्चीवर रात्र काढावी लागली, तर दोन्हींतला फरक परत मागा.

त्यासाठी पुरावा लागतो. फलकाचा वेळेसकट फोटो काढा, कंडक्टरकडून उशीर लिहून घ्या, तिकीट जपून ठेवा. अर्ज ज्या रेल्वेकडून तिकीट घेतलं तिच्या संकेतस्थळावर, तीन महिन्यांच्या आत. घरी परतल्यावर कपडे धुवायला टाकण्याच्या आधी हा अर्ज भरून टाका, कारण नंतर तो राहूनच जातो.